पार्किंग एकच, पद्मिनी ठेवू की ८००? (ठाणे) मदत हवी आहे

मंडळी, नौपाड्यातली आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीये, नव्या जागेत पार्किंग एकच आणि माझ्याकडे म्हाताऱ्या गाड्या दोन. बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी (घरी अजून फियाटच म्हणतात) आणि सासऱ्यांकडून आलेली १९९४ ची मारुती ८००, बिनएसीची. दोन्ही विकून नवीन घ्या हा सल्ला बायकोकडून रोज मिळतोय, तो इथे नको :)

पद्मिनी म्हणजे १०८९ सीसी, हँडल गिअर (स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा), पुढे सोफ्यासारखी अखंड सीट, पत्रा असा की दार लावलं की शेजाऱ्यांना कळतं. पण मे महिन्यात गायमुखच्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि बंद पडली. पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला, तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला काही पोचत नाही, मग बॉनेट उघडून पंपावर ओला फडका टाकून उभा राहिलो, मागचे हॉर्न देतायत, एका टेम्पोवाल्याने स्वतःची पाण्याची बाटली दिली, पंधरा मिनिटांनी निघाली बाई.

८०० ला ही नाटकं नाहीत. चोक ओढा, चावी मारा, चला. ७९६ सीसी, तीनच सिलिंडर, पण वजन पद्मिनीपेक्षा २०० किलोच्या वर कमी आणि पुढच्या चाकांना ओढ, त्यामुळे गर्दीत सायकलसारखी घुसते. चालवायला हीच शहाणी, मान्य. फक्त परवा ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खालचा रस्ता दिसला. पत्रेवाल्याने सांगितलेल्या पैशात दुसरी ८०० येईल.

आता विचारायचं ते. ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे पद्मिनीचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम कोणी बदललेत का, कुठले टाकले, टिकले का? कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरून आलो, जो तो म्हणतो ओरिजिनल आहे साहेब.

दुसरं, २०२८ ला तिला ५० वर्षं होतील म्हणजे व्हिंटेजची व्हीए नंबर प्लेट घेता येईल, पण मग रोज चालवता येणार नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल वगैरे. मला सोमवारी आईला कौपीनेश्वरच्या देवळात न्यायचं असतं, म्हणजे दर पाच वर्षांनी साधं आरसी रिन्यूअलच बरं ना? ठाणे आरटीओत एवढ्यात एवढी जुनी गाडी पासिंगला नेलेल्यांनी सांगा, ब्रेकला फार त्रास देतात का, चारही ड्रम आहेत.

आईचं मत विचारलं तर म्हणाली ८०० मध्ये गुडघे छातीला लागतात, फियाटमध्ये साडी सावरून सरळ बसता येतं. झालं, माझं पारडं तिकडेच झुकलंय, पण गायमुख आठवलं की परत डळमळतं.

कळवा-वाशीकडे प्रामाणिक पत्रेवाला माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, सोसायटीला महिनाअखेरीस गाडीचा नंबर द्यायचाय.