मालिकांमधले काका, आजोबा, इन्स्पेक्टर : तुमच्या आठवणी सांगा

पार्ल्याची पोर
काल रात्री फोन चाळत असताना चिमणरावचा एक जुना तुकडा समोर आला, ब्लॅक अँड व्हाइट, आवाज खरखरीत, आणि गुंड्याभाऊ दारातून आत आला. सगळं बालपण उसळून वर आलं हो. बाळ कर्वे गेले 28 ऑगस्ट 2025 ला, तीनच दिवसांपूर्वी पंचाण्णव पूर्ण झाले होते. त्या दिवशी आईचा फोन आला, 'अगं आपला गुंड्याभाऊ गेला.' बाळ कर्वे नाही म्हणाली, आपला गुंड्याभाऊ म्हणाली.

1977 च्या सुमाराची मालिका, मुंबई दूरदर्शन सुरू होऊन पाचेक वर्षं झालेली (2 ऑक्टोबर 1972, वरळी). चि. वि. जोशींच्या कथा, दिग्दर्शन विजया जोगळेकर-धुमाळे, चिमणराव म्हणजे दिलीप प्रभावळकर, आणि त्याच्याशेजारी हा उभा आडवा गडी. प्रभावळकरांना पुढे किती वेगवेगळी रूपं मिळाली, आणि त्यांनी सोनं केलं त्याचं. कर्वे मात्र महापालिकेत इंजिनियर. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, अशी वर्षानुवर्षं काढली, नाटकं केली, सिनेमे केले, पुढे मालिकांमधून वडीलधारी माणसं केली, आणि लोकांसाठी शेवटपर्यंत गुंड्याभाऊच राहिले. मला यात दुःखाचं काही वाटत नाही, एका भूमिकेने अख्ख्या राज्याच्या घरात जागा मिळवली, किती जणांना जमतं ते?

तर म्हटलं धागा काढावा. हिरो हिरॉइन नकोत. मालिकेतले बाबा, काका, आत्या, शेजारी, जज, डॉक्टर, ज्यांचा चेहरा पाठ असतो आणि नावासाठी डोकं खाजवावं लागतं, अशा नटांच्या आठवणी लिहा. भेटला असाल तर तेही.

निवांत
आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरात, लाकडी शटरचा. चपला दाराबाहेर इतक्या की नंतर आपली जोडी सापडायची नाही. गुंड्याभाऊ आला की मागचे पण उठून उभे राहायचे आणि पुढचे ओरडायचे बसा बसा. ॲन्टेना फिरवायला गच्चीवर एक पोरगा कायम ठेवलेला, त्याने बिचाऱ्याने एकही भाग धड पाहिला नाही.

खमंग
@निवांत तो पोरगा आता कुठे असतो? त्याला कोणीतरी सगळे भाग दाखवा रे 😂

निवांत
बडोद्याला असतो, नातवंडं आहेत. पाठवतो त्याला हा धागा.

दोन बोके
शिवाजी साटम!!! सेंट्रल बँकेत कॅशियर होते. तेव्हा बँकांच्या आपसात नाट्यस्पर्धा व्हायच्या, त्यातल्याच एका नाटकात नट बाळ धुरींनी त्यांना पाहिलं आणि पुढे 'संगीत वरद' नाटकात घेतलं. अशोक सराफ स्टेट बँकेत. रवी पटवर्धन रिझर्व्ह बँकेत. म्हणजे तुमचा चेक ज्याने पास केला तो संध्याकाळी रंगमंचावर. माझे बाबा पण बँकेतच होते आणि त्या स्पर्धांना प्रॉम्प्टिंग करायचे, तालमीसाठी मॅनेजर लवकर सोडायचे, हे आता कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. त्या स्पर्धांनी मराठीला किती नट दिले याचा कोणीतरी नीट अभ्यास करायला हवा. पोळ्या राहिल्यात, नंतर येते.

जर्सीकर
सीआयडी. जानेवारी 1998 ला सुरू झालं तेव्हा मी शाळेत, ऑक्टोबर 2018 ला थांबलं तेव्हा इकडे अमेरिकेत दोन मुलांचा बाप. वीस वर्षं एकच माणूस, तेच शिवाजी साटम, एसीपी प्रद्युम्न. आईबाबा इकडे येतात तेव्हा थंडीत बाहेर पडता येत नाही, मग दिवसभर सीआयडी, आणि माझी मुलगी मराठी शिकली ती आजीशी सीआयडीवर वाद घालून, जरी मालिका हिंदी असली तरी. 2004 चा तो 111 मिनिटं एका सलग शॉटमध्ये केलेला भाग पाहिलाय का कोणी? एकाने वाक्य विसरलं की सगळं पहिल्यापासून! तिथे कळतं की ही माणसं नाटकातून आलेली आहेत.

आणि फ्रेडरिक्स. दिनेश फडणीस. 5 डिसेंबर 2023 ला गेले, सत्तावन्न हे काय वय आहे का. हसवायचं काम त्यांच्याकडे आणि मालिकेचे काही भाग लिहिलेही त्यांनी, हे मला ते गेल्यावर कळलं. आईने दोन दिवस टीव्ही लावला नाही.

पावसाळी
फ्रेडरिक्स 😢

खमंग
जर्सीकर, आईबाबा कधी येतायत? येताना मेतकूट मागवा, तिकडचं चांगलं नसतं.

जर्सीकर
मे मध्ये. मेतकूट, भाजणी, सगळी यादी गेलीय.

मधली सुट्टी
मी आतापर्यंत इथे नुसती वाचायचे, पण आज लिहिते. माझे वडील असेच नट. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. तुम्ही सगळ्यांनी त्यांना पाहिलंय हे नक्की. कधी जज, कधी मुलीचे मामा, कधी नुसतेच गावकरी. मालिकेत ट्रॅक, म्हणजे त्या पात्राची गोष्ट, असेपर्यंत काम, ट्रॅक बंद झाला की फोन बंद. पर डे वर, म्हणजे दिवसाच्या हिशोबाने काम, आणि पैसे टेलिकास्ट झाल्यावर नव्वद दिवसांनी, हा नियमच आहे त्या धंद्यात, म्हणजे गणपतीत केलेल्या कामाचे पैसे संक्रांतीला. एका निर्मात्याने तर दिलेच नाहीत, आई दर महिन्याला फोन करायची, बाबा म्हणायचे जाऊ दे. कॉल टाइम सकाळी सातचा म्हणून पाचला घराबाहेर, लोकल, मग गोरेगावला उतरून फिल्मसिटीची बस, आणि त्यांचा सीन लागायचा रात्री नऊला कारण हिरॉइनला दुसरीकडे जायचं असायचं म्हणून तिचे सगळे शॉट आधी. मधले बारा तास काय करायचे? मेकअप करून बसून राहायचे. मिशी चिकटवलेली असली की चहा स्ट्रॉने. पण सीन लागला की मागे उभं राहून दुसऱ्याचा डायलॉग नुसता ऐकत राहणं, ते इतकं मनापासून करायचे! मला म्हणायचे, माझ्यावर कॅमेरा नसेल पण समोरच्याला माझे डोळे दिसतात ना.

हे मी का लिहिलं माहीत नाही, पण पार्ल्याची पोर यांनी 'डोकं खाजवावं लागतं' लिहिलं ना, तर बाबांना रस्त्यात लोक थांबवायचे आणि म्हणायचे तुम्ही ते हे ना. आणि ते हसून म्हणायचे हो, तोच मी.

पार्ल्याची पोर
मधली सुट्टी, किती बरं झालं लिहिलंत. बाबांना नमस्कार सांगा.

मधली सुट्टी
2022 ला गेले ते. पण सांगितला असं समजते.

सातारी तडका
आमच्या वाड्यात शूटिंग झालंय एकदा, जनरेटर, केबली, तुळशीपुढे चपला, म्हातारी वैतागलेली. पण त्यातल्या आजी झालेल्या बाई स्वतः येऊन म्हातारीशेजारी बसल्या, लसूण सोलायला लागल्या. दोघी सासवांच्या गप्पा मारत होत्या. असिस्टंट बोलवायला आला तर म्हातारी म्हणाली थांब रे, त्यांचं सांगून होऊ दे.

दोन बोके
आले परत. 2020 आठवतंय का? 30 मे ला सरकारची नियमावली आली, शूटिंग सुरू करा पण पासष्टच्या वरचे सेटवर नकोत. म्हणजे आजी आजोबा मालिकेतून गायब! काळजी म्हणून केलं असेल, पण ज्याचं पोट रोजच्या कामावर त्याने काय करायचं? सत्तरीच्या एका नटाने, छोट्या भूमिका करणाऱ्यानेच, हायकोर्टात याचिका केली आणि 7 ऑगस्टला कोर्टाने ती अट काढून टाकली. बाकी धंद्यांना, दुकानदारांना ही बंदी नाही मग यांनाच का, धडधाकट माणसाला कमवायलाच बाहेर पडू दिलं नाही तर त्याने सन्मानाने जगायचं कसं, असा मुद्दा होता. कोणी मोठा स्टार नव्हता हो तो, हे मला फार मोठं वाटतं.

फोंड्याची
आमच्याकडे गोव्यात एप्रिल 2021 ला मालिकावाले आले होते, महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा. महिनाभरही टिकलं नाही, मे मध्ये इथेही बंद केलं. आमच्या शेजारच्या हॉटेलात एका मालिकेचे आजोबा उतरलेले, रोज सकाळी पोर्चमध्ये खुर्ची टाकून स्क्रिप्ट पाठ करायचे, आम्ही लांबूनच हात करायचो. माझ्या आईने कुळीथाची पेज पाठवली एकदा, वाटी धुऊन आत दोन चाफ्याची फुलं घालून परत आली.

खमंग
पेजेची रेसिपी टाका ना प्लीज

फोंड्याची
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पावसाळी
रवी पटवर्धन! अग्गंबाई सासूबाईतले आजोबा. डिसेंबर 2020 मध्ये गेले, ऐंशी उलटून गेलेली, तोपर्यंत काम चालूच. त्याआधी तरुणपणी 'आरण्यक' नाटकात केलेला धृतराष्ट्र ब्याऐंशीव्या वर्षी परत केला होता. तो आवाज, त्या मिश्या. व्हिलन म्हणून पाहिलेला माणूस म्हातारपणी इतका गोड वाटावा!

निवांत
ज्योती चांदेकर पण. ठरलं तर मग मधली पूर्णा आजी, 16 ऑगस्ट 2025, म्हणजे बाळ कर्व्यांच्या आधी बाराच दिवस. माझी सासू रोज साडेआठला जेवण उरकून तिच्यासाठी बसायची. पुढे रोहिणी हट्टंगडी आल्या, त्यांच्या अभिनयाबद्दल कोण काय बोलणार, पण सासूबाई पहिला आठवडा घुश्श्यात होत्या, आमची आजी कुठाय म्हणून. घरातली मोठी माणसं अशी बदलत नाहीत ना. मग हळूहळू यांचीही सवय झाली.

मिसळपाव
तुम्ही सगळे जुनंच उगाळताय. आता एका महिन्यात मालिका बंद होते, आजोबाला गुंड्याभाऊ व्हायला वेळ तरी मिळतो का?

दोन बोके
हे पटलं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा, म्हणजे प्रभावळकरच, 2001 ते 2004 आठवड्याला एक भाग. लिहायला वेळ, बसवायला वेळ. प्रभावळकरांच्याच लेखनावरून केलेलं, केदार शिंदेंनी बसवलेलं. राजन भिसे, शुभांगी गोखले, सगळे आपल्या बिल्डिंगमध्ये राहतात असं वाटायचं. आता रोज एक भाग द्यायचा, सीन सेटवर येऊन हातात पडतो, तरी ही माणसं उभी राहतात आणि बोलतात, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

मधली सुट्टी
बाबा सीन हातात आला की आधी बघायचे या माणसाला नाव दिलंय का. नसलं तर स्वतःच ठेवायचे, आणि गाव पण. कोणाला सांगायचे नाहीत.

सातारी तडका
वा.

जर्सीकर
टिपरे कुठे बघायला मिळेल? मुलीला दाखवायचंय, सीआयडी खूप झालं.

खमंग
यूट्यूबवर शोधा, भाग मिळतात. शिऱ्या आणि आबांच्या भांडणाचा कुठलाही लावा, तिथून सुरू करा. आणि पेजेची रेसिपी आली, कुळीथ आधी भाजून घ्यायचे म्हणे.