चिऱ्याच्या गोठ्यातले गोचीड आणि माकडताप: रासायनिक औषधाशिवाय काय चालते?

काजूबाग_दोडामार्ग:
गोठा चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा), वर कौले, खाली मातीची जमीन. दोन संकरित गाई, तीन गावठी. गावठी गाई रोज रानात चरतात. डेल्टामेथ्रिन (गोचीड मारायचे रासायनिक औषध) दोनदा मारले, पण आठवड्याभरात गोचीड पुन्हा हजर. दूध घरात आणि डेअरीला जाते, म्हणून परत तेच मारायला नको वाटते. पुढे काजूचा हंगाम, म्हणजे माकडतापाचीही (गोचिडातून माकडांना आणि माणसांना होणारा विषाणूचा ताप) धास्ती. निंबोळी तेल, मेटारायझियम (गोचीड मारणारी बुरशी), कोंबड्या यांतले खरेच काय लागू पडते? प्रमाण सांगा.

गुरांचा_डॉक्टर:
औषध गाईवर मारलेत, गोचीड भिंतीत आहेत. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गळून पडते, चिऱ्याच्या छिद्रात किंवा गव्हाणीखाली शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. बॅटरी मारून बघा, तपकिरी, चकचकीत, खसखशीसारखा पुंजका दिसेल. त्यातून निघालेली पिल्ले उपाशीपोटी महिनोन्महिने तग धरतात. शिवाय झाकणाने अंदाजे मोजून पातळ औषध मारले की मरायचे ते मरतात आणि दाद न देणाऱ्यांचीच पैदास वाढते.

आधी भिंत. तारेच्या ब्रशने सांधे खरवडा, निघालेला कचरा उकिरड्यावर न टाकता जाळा. मग छिद्रे आणि सांधे सिमेंटने लिंपून घ्या. फ्लेमगन चालते, पण तुमच्याकडे वासे लाकडी असणार आणि माळ्यावर गवत, त्यामुळे तिचा नाद नको.

गाईच्या अंगासाठी: लसूण १० पाकळ्या, कडुनिंबाचा पाला १ मूठ, निंबोळ्या १ मूठ, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला १ मूठ, तुळस १ मूठ. वाटून १ लिटर पाण्यात कालवा, दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर पंपाचे नोझल तुंबते. आठवड्यातून एकदा, ऊन असताना फवारा. कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, शेपटीच्या मुळाशी, कासेमागे हाताने चोळून लावा, कारण गोचीड तिथेच असतात. घाणेरी पोटात गेली तर गुरांना विषारी, म्हणून अंग वाळेपर्यंत गाईला चाटू देऊ नका आणि चोथा गव्हाणीजवळ टाकू नका. दूध काढण्यापूर्वी कास धुवा.

हा गोचीड गाईवर साधारण तीन आठवडे काढतो. एका फवारणीने काही होत नाही, लागोपाठ चार आठवडे करा.

आणि गाईला १०४ च्या वर ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, किंवा लघवी कॉफीच्या रंगाची दिसली तर पाला वाटत बसू नका. थायलेरिया किंवा बबेसिया, म्हणजे गोचिडातून होणारा रक्ताचा आजार, असू शकतो. रक्त तपासून त्याच दिवशी इंजेक्शन लागते. संकरित गाई यात लवकर दगावतात.

जैविक_शेती:
मेटारायझियम गोठ्यासाठी चांगले, पण लोक ते विषासारखे वापरतात आणि मग नावे ठेवतात. ती जिवंत बुरशी आहे. पाकिटाची तारीख बघा, १ लिटर पाण्यात १० ग्रॅम घ्या, संध्याकाळी जमीन, भेगा, गव्हाणीखालची ओल भिजेल असे फवारा. दर १५ दिवसांनी, निदान तीन महिने. गोचीड मरायला आठ-दहा दिवस लागतात. उन्हात आणि कोरड्यात बुरशी टिकत नाही. पंपात आधी बुरशीनाशक होते का तेही बघा, बागायतदारांचा पंप बहुधा तसाच असतो.

निंबोळी तेल १० मिली प्रति लिटर. तेल थेट पाण्यात ओतलेत तर वर तरंगते, पहिल्या फवाऱ्यात नुसते पाणी आणि शेवटी निव्वळ तेल. आधी तेलात द्रवरूप साबण घोटा, दुधी झाले की थोडे थोडे पाणी घाला.

काजूबाग_दोडामार्ग:
भिंतीला चुना मारावा का? आणि कोंबड्या राहिल्याच.

जैविक_शेती:
चुना मारा, पण लिंपल्यावर, आणि त्या भिंतीवर मेटारायझियम वाया घालवू नका, चुन्याचा खार त्याला मारतो. भिंतीला चुना, जमिनीला बुरशी. कोंबड्या खाली पडलेल्या टम्म माद्या टिपतात, पण भेगेतली अंडी त्यांना मिळत नाहीत. सोडा, नुकसान नाही, मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

आरोग्यसेवक_बांदा:
माकडतापाचा गोचीड वेगळा, रानातला. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात हा आजार सापडला. आपल्या दोडामार्गात २०१६ मध्ये आला, त्याआधी २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत काजू गोळा करणाऱ्यांत. माणसाला चावते ते बारीक पिल्लू, तिळाहून लहान. डिसेंबर ते मे जोर, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. पूर्ण वाढलेला गोचीड मात्र गुरांवरही पोसतो, म्हणून रानातून आलेल्या गावठी गाई गोठ्यात घेण्याआधी बाहेरच बघा.

रानात लिंबू-निलगिरी तेलावर विसंबू नका, तासाभरात उडते. आरोग्य केंद्रातले डेपा तेल (गोचीड दूर ठेवणारे) उघड्या अंगाला लावा, विजार मोज्यात खोचा, पाल्यावर बसू नका, जळणासाठी पालापाचोळा घरी आणू नका. परत आलात की कपडे गरम पाण्यात आणि अंघोळ. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, विडीचा चटका, चिरडणे, काही नको. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, सभोवती ५० मीटरपर्यंत मॅलेथिऑन हे कीटकनाशक मारतात. तिथे नैसर्गिक उपायाचा हट्ट धरू नका.

रानातून आल्यावर आठवड्याभरात अचानक ताप, डोके फुटल्यासारखे आणि कंबर-पाय मोडून आले तर रक्त द्यायला जा. ॲस्पिरिन, ब्रुफेन घरी घेऊ नका, यात रक्तस्रावाचा धोका असतो. माकडतापाची जुनी लस आता देत नाहीत, त्यामुळे तिची वाट बघू नका.