सीझरच्या वेळी नाडी ४८ वर आली. उलटीच्या इंजेक्शनचा तिच्याशी काय संबंध?

दुधनाकाठ:
सेलू तालुक्यातून लिहितोय. मागच्या आठवड्यात बायकोचं सीझर झालं, मणक्यात भूल दिली होती. मी बाहेर बाकावर. नंतर भूलवाल्या मॅडमनी सांगितलं की भूल चढल्यावर पाचेक मिनिटांत नाडी ९६ वरून ४८ झाली, बीपी उतरलं, तिला गरगरलं. त्यांनी लगेच सावरलं. बाळ-बाळंतीण चांगले आहेत. पण घरात "हिचं काळीज कच्चं आहे" असं बोलायलेत आणि ती रात्री उठून मनगट धरून बसायलीय. मला ते बघवत नाही. दुसरं म्हणजे, मेडिकलच्या बिलात ऑन्डॅनसेट्रॉन दिसलं. पोरीला उलट्या झाल्या तेव्हा हेच पातळ औषध दिलं होतं. मॅडम म्हणाल्या, नाडी फार पडू नये म्हणून भुलीच्या आधीच दिलं. उलटीच्या औषधाचं नाडीशी काय नातं?

मांजरा_भूलतज्ज्ञ:
भाऊ, मी लातुरात बावीस वर्षं भूल देते. तुम्ही सांगताय त्यावरून तरी हा हृदयाचा आजार वाटत नाही. वहिनींना हे आजच सांगा.

तुमच्या विहिरीवर मोटर असेल. पाणी तळाला गेलं की ती जळू नये म्हणून स्टार्टर पडतो ना? तसंच काहीसं. मणक्यातल्या भुलीनं पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खालीच साठतं, हृदयाकडं कमी परततं. बाळंतपणात त्यात गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो. म्हणूनच आम्ही उजव्या कुशीखाली उशी सारतो. असं रक्त घटल्यावर खरं तर नाडी वाढायला हवी, पुष्कळदा वाढतेही. पण कधीकधी अर्धवट भरलेलं हृदय जोरानं आवळतं, त्याच्या भिंतीतली मज्जातंतूंची टोकं चाळवतात, व्हेगस या मेंदूपासून हृदय-आतड्यांपर्यंत जाणाऱ्या नसेतून मेंदूच्या देठाला निरोप जातो आणि तिथून उलट हुकूम येतो: हळू चाल. वाहिन्या आणखी सैल होतात. हृदयाला भरायला उसंत मिळावी, असा त्यामागचा एक तर्क. याला बेझोल्ड-यारिश प्रतिक्षेप (शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया) म्हणतात.

आता सेरोटोनिन, म्हणजे शरीरात निरोप पोचवणारं एक रसायन. त्या टोकांवर त्याचे ५-एचटी३ नावाचे ग्राही, म्हणजे ते जिथं येऊन बसतं त्या जागा, असतात. रक्तातल्या बिंबाणूंमधून सुटलेलं सेरोटोनिन तिथं बसलं की निरोप जायला लागतो. आतड्यातून उलटीचा निरोप नेणाऱ्या व्हेगसच्या तंतूंवरही हेच ग्राही. ऑन्डॅनसेट्रॉन हे ग्राही अडवतं. कुलूप एकच, दारं दोन. पण त्यानं बीपी पडतच नाही असं नाही. सलाइन, बीपी चढवणारं फिनाइलेफ्रिन आणि नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन मी हाताशी ठेवतेच.

शरीरक्रिया_मास्तर:
थोडी भर. १८६७ मध्ये बेझोल्ड आणि हिर्ट यांनी व्हेराट्रम वनस्पतीचा अर्क जनावरांना टोचला, तेव्हा नाडी आणि रक्तदाब दोन्ही उतरले. हा व्हेगसमधून जाणारा प्रतिक्षेप आहे हे यारिशनं विसाव्या शतकात दाखवलं. सेरोटोनिनच्या ग्राहींची सात कुळं. त्यातलं ५-एचटी३ तेवढं थेट आयनांचं (विद्युतभार असलेल्या कणांचं) दार आहे, म्हणून निरोप क्षणात जातो. बाकीची कुळं पेशीत जी-प्रथिनं नावाच्या मधल्या निरोप्यांमार्फत सावकाश काम करतात. मेंदूच्या देठातल्या ५-एचटी१ए ग्राहींचाही नाडी मंदावण्यात हात आहे. मुलांना शिकवताना मला दरवेळी हेच नवल वाटतं: रेणू तोच, पण कुठल्या दारावर थाप पडली त्यावर सगळं ठरतं.

नांदेडची_ताई:
मी सेरोटोनिन वाढवणारी गोळी घेते, एस्सिटालोप्राम. पुढच्या महिन्यात गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे. हे वाचून पोटात गोळाच आला. माझीही नाडी अशी पडेल का? गोळी बंद करू?

मांजरा_भूलतज्ज्ञ:
ताई, मनानं बंद करू नका. गोळीमुळं नाडी अशीच पडेल असं काही नाही. पण एस्सिटालोप्राम आणि ऑन्डॅनसेट्रॉन दोन्ही ईसीजीतलं क्यूटी अंतर (एका ठोक्यात हृदय आवळून पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबवू शकतात, म्हणून भूलतज्ज्ञाला गोळीचं पाकीटच दाखवा. "काही औषधं चालू आहेत का" असं विचारल्यावर मनाच्या गोळ्या सांगायला लाजणाऱ्या बाया मी रोज बघते. लाजू नका.

दुधनाकाठ, पुढं कधी भूल द्यायची वेळ आली तर ही नाडीची गोष्ट आवर्जून सांगा. घरी चक्कर, धडधड किंवा दम लागला तर मात्र तपासणी करा.

दुधनाकाठ:
मॅडम, तुमचं उत्तर तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. स्टार्टरचं ऐकून म्हणाली, "म्हणजे मोटर चांगलीय, पाणी कमी झालं होतं." काल रात्री बाळ दोनदा उठलं, तेवढीच उठली.