ऑलवेज ऑन डिस्प्ले (एओडी) दिवसभर चालू ठेवावं का? बॅटरी आणि स्क्रीनवरचे डाग

किराणा_काउंटर:
सॅमसंगचा ए मालिकेतला नवा फोन आहे. अमोलेड स्क्रीन, ५००० एमएएच बॅटरी. दुकानात सकाळी ९ ते रात्री ९ काउंटरवर उताणा पडलेला असतो. हात पिठातेलाचे, त्यामुळे स्पर्श न करता वेळ आणि आलेले मेसेज दिसले तर सोय होते. पण ऑलवेज ऑन डिस्प्ले, म्हणजे फोन लॉक असतानाही स्क्रीनवर अंधुक घड्याळ आणि मेसेजची चिन्हं दाखवणारं एओडी, बारा तास चालू ठेवलं तर बॅटरी किती जाईल? घड्याळाचा कायमचा डाग पडतो हे खरं का? आणि सारखं बटण दाबून स्क्रीन उजळण्यापेक्षा एओडीच स्वस्त पडतं असं एका व्हिडिओत सांगितलंय, ते कितपत बरोबर?

मिलिअँपिअर:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो दावा बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. हिशेब मांडून बघा.

५००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. म्हणजे १ टक्का बॅटरी = ०.१९ वॅट-अवर. समजा दिवसातून ६० वेळा फोन उजळला, दर वेळी ८ सेकंद. एकूण ४८० सेकंद. उजळलेला फोन दीड वॅट खातो असं धरलं तर ०.२ वॅट-अवर, म्हणजे जेमतेम १ टक्का. आता एओडीसाठी फक्त ०.१ वॅट धरा. बारा तासांचे १.२ वॅट-अवर, म्हणजे ६ टक्क्यांच्या पुढे. तोल कुठे झुकतो ते दिसतंच आहे. एओडी घ्यायचं ते सोयीसाठी. बॅटरी वाचवायला ते घेऊ नका.

वरचा ०.१ वॅट हा आकडा मी हिशेबासाठी धरलाय. प्रत्यक्षात तो तीन गोष्टींवर हलतो. पहिली म्हणजे पेटलेले पिक्सेल. ओएलईडीत (तुमची अमोलेड त्यातलीच) काळा पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचा काळा ठिपका, बंदच असतो, म्हणून काळ्यावर पांढरं घड्याळ स्वस्त आणि मागे वॉलपेपर ठेवला की खर्च वाढतो. दुसरी, आसपासचा उजेड. सेन्सर उजेड बघून एओडीची चमक वाढवतो, त्यामुळे ट्यूबलाइटखालच्या काउंटरवरचा फोन अंधाऱ्या खोलीतल्या फोनपेक्षा जास्त खातो. तिसरी, पॅनेल. एलटीपीओ या प्रकारचं पॅनेल सेकंदाला एकदाच (१ हर्ट्झ) चित्र ताजं करू शकतं, त्यामुळे खर्च कमी होतो. २०२२ च्या आयफोन १४ प्रोमध्ये एओडी आलं ते याच जोरावर. त्याआधीच्या १३ प्रोमध्ये एलटीपीओ होतं, पण ते १० हर्ट्झच्या खाली उतरत नव्हतं आणि त्यात एओडीही नव्हतं. तुमच्या किमतीच्या फोनमध्ये सहसा एलटीपीओ नसतं, तेव्हा आयफोनचे आकडे तुम्हाला लावू नका.

स्वतःच्या फोनचा आकडा काढणं सोपं आहे. रात्री ८० टक्क्यांवर चार्जर काढा, विमान मोड लावा, फोन उताणा ठेवा आणि खोलीतला दिवा चालू राहू द्या. सहा तासांनी टक्के लिहा. दुसऱ्या रात्री तेच सगळं, पण एओडी बंद करून. दोन्हींतल्या फरकाला सहाने भागलं की ताशी खर्च मिळाला. फोन पालथा ठेवलात तर सेन्सर झाकला जाऊन एओडी आपोआप बंद होतं आणि चाचणी वाया जाते.

निळा_पिक्सेल:
डागाबद्दल. एओडीच्या घड्याळाची भीती गरजेपेक्षा जास्त घातली जाते. खरा धोका दुसरीकडे आहे, आणि दुकानदाराला तो नक्कीच आहे.

पिक्सेल झिजतो तो मुख्यतः चमक, वेळ आणि उष्णता यांमुळे. एओडीची चमक कमी असते आणि घड्याळ ठरावीक वेळाने थोडं थोडं सरकत राहतं, म्हणून झीज एकाच जागी साचत नाही. याउलट गिऱ्हाइकाला दाखवायला यूपीआयचा क्यूआर फोनवर पूर्ण चमकेने उघडा ठेवला, तर तोच पांढरा चौकोन तासन्‌तास त्याच जागी पेटलेला राहतो. वरची बॅटरी-नेटवर्कची पट्टी आणि खालची तीन बटणं यांचंही तेच. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे छोटे भाग (उपपिक्सेल) असतात; त्यातले निळे सगळ्यांत आधी दमतात, त्यामुळे झिजलेला भाग पिवळट दिसतो. तो परत येत नाही. ‘डाग घालवणारे’ रंगीत व्हिडिओ फक्त तात्पुरती सावली घालवतात, झिजलेला पिक्सेल त्यांनी नवा होत नाही.

तेव्हा क्यूआर छापून काउंटरवर चिकटवा. खालच्या बटणांऐवजी स्वाइप जेश्चर लावा. स्वयंचलित चमक चालू ठेवा. फोन उन्हात किंवा फ्रीजच्या गरम बाजूला ठेवू नका. अधूनमधून एकसारखा करडा रंग पूर्ण स्क्रीनवर उघडून मध्यम चमकेवर बघा; डागाची सुरुवात त्यावर लगेच कळते, पांढऱ्यावर लपते.

प्ले स्टोअरवरची वेगळी एओडी अ‍ॅप्स मात्र घेऊ नका. फोनच्या स्वतःच्या एओडीत मुख्य प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेला असतो, मिनिट बदलताना तेवढा जागा होतो. बाहेरचं अ‍ॅप साधी स्क्रीन चालू ठेवून त्यावर काळं चित्र पसरतं, म्हणून सगळा फोन जागा राहतो. एलसीडी फोनवर तर मागचा दिवा अख्खा पेटलेला असतो, तिथे काळं चित्र काहीच वाचवत नाही.

कुलूप_किल्ली:
एक मुद्दा राहिला. काउंटरवर उताणा फोन म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला दिसणारा फोन. एओडीवर सहसा फक्त अ‍ॅपचं चिन्ह येतं, पण मेसेज आला की त्याच्या चार शब्दांची पट्टी झळकते, आणि बँकेच्या ओटीपीला चार शब्द पुरतात. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, मग लॉक स्क्रीन नोटिफिकेशन्स, तिथे मजकूर लपवा. हे एओडी बंद असलं तरी करायला हवं. माझं मत विचाराल तर गर्दीच्या काउंटरवर एवढं केल्याशिवाय एओडी लावूच नये.

किराणा_काउंटर:
क्यूआर फोनवरच उघडा ठेवत होतो, आज छापून घेतो. बारा तास सलग नको असेल तर मधला मार्ग कुठला? आणि खिशात टाकल्यावरही एओडी दिसत राहतं, ते का?

मिलिअँपिअर:
सेटिंग्ज, लॉक स्क्रीन अँड एओडी, ऑलवेज ऑन डिस्प्ले. जुन्या आवृत्तीत नुसतं लॉक स्क्रीन लिहिलेलं असेल. तिथे कधी दाखवायचं ते निवडता येतं: टॅप केल्यावर, सतत, ठरलेल्या वेळेत किंवा नवं नोटिफिकेशन आल्यावर. तुमच्या कामाला शेवटचा पर्याय सगळ्यांत चांगला. मेसेज आला की दिसेल, एरवी स्क्रीन काळी. वेळ भिंतीवरच्या घड्याळात दिसतेच. तरीही सतत हवं असेल तर ठरलेली वेळ ९ ते ९ लावा, म्हणजे रात्री उशाशी उजेड राहणार नाही. पॉवर सेव्हिंगमध्येही एओडी बंद करण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवा.

खिशातलं कारण बहुधा स्क्रीन गार्ड. वरच्या कडेचा सेन्सर काचेच्या गोंदाने किंवा काळ्या पट्टीने झाकला गेला की त्याचा अंदाज चुकतो. गार्ड काढून हाताने वरची कड झाका. एओडी विझलं तर दोष गार्डचा, सेन्सरची जागा मोकळी सोडणारा दुसरा लावा. तरी विझलं नाही, तर या किमतीच्या काही फोनमध्ये वेगळा सेन्सर नसतोच, हालचाल आणि इतर खुणांवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. तिथे नोटिफिकेशनचाच पर्याय ठेवा.