शेडमधल्या वर्कबेंचवर माझीच सावली पडते, एलईडी किती आणि कुठे लावू? (इंदूर)

पत्राशेडवाला
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो, घरामागे पत्र्याची शेड आहे 10 फूट बाय 14 फूट, पत्रा उतरता आहे, एका बाजूला 9 फूट आणि दुसरीकडे साडेदहा. आधी तिथे बाबांची जुनी स्कूटर आणि अडगळ असायची, आता मी सुतारकाम करतो, हौस म्हणून हो, स्टूल, शेल्फ, चौरंग असलं काहीतरी. 14 फुटी भिंतीला लागून दोन फूट रुंदीचा बेंच आहे आणि समोरच्या भिंतीकडे लाकडाचा छोटा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कोरायचं मशीन. उजेड म्हणाल तर मधोमध एक जुनी चोकवाली ट्यूब. संध्याकाळी ऑफिसातून येऊन बेंचपाशी उभं राहिलं की माझ्याच डोक्याची सावली बरोब्बर पेन्सिलीच्या रेघेवर, मग करवत कुठे चालली तेच कळत नाही. दुकानदार म्हणतो 50 वॉटचा एक फ्लडलाइट मारा मधे, दिवस उगवेल. भाऊ म्हणतो फॉल्स सीलिंग कर आणि आठ-दहा डाउनलाइट टाक. मला दोन्ही पटेना. किती वॉट लागतील, पांढरा घेऊ का पिवळट, आणि मुख्य म्हणजे लावू कुठे? खर्च बेताचाच करायचाय.

निवृत्त_फोरमन_बडोदा
फ्लडलाइट आणि डाउनलाइट दोन्ही विसरा. एका ठिकाणाहून जोरात उजेड आला की सावली आणखी काळी आणि धारदार पडते, मग 50 चा लावा नाहीतर 100 चा. तुम्हाला पसरट उजेड पाहिजे, म्हणजे 4 फुटी बॅटन (ट्यूबसारख्या लांब एलईडी पट्ट्या), दुधी कव्हरवाल्या. उघड्या एलईडीच्या टिकल्या दिसतात त्या नकोत, लांब फळी उचलताना मान वर गेली की डोळ्यांसमोर अंधारी येते.

वॉट बघू नका, ल्युमेन बघा, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो, खोक्यावर छापलेलं असतं. बऱ्या कंपनीची 20 वॉटची बॅटन साधारण 2000 ल्युमेन देते. आता हिशोब करा. 10 बाय 14 म्हणजे अंदाजे 13 चौरस मीटर. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. नुसतं वावरायला, सामान शोधायला 300 लक्स पुरे, बेंचवर आखणी आणि पटाशीकाम करायचं तर 500 च्या आसपास पाहिजे. 13 गुणिले 300 म्हणजे 3900, पण तो सगळा काही खाली पोचत नाही, काळपट पत्रा खातो, भिंती खातात, वर्षभरात भुसा बसतो तो खातो. अशा शेडमध्ये मी अर्धाच धरतो. म्हणजे निदान 8000 ल्युमेन, आणि बेंचसाठी थोडे वर. पाच बॅटन घ्या, 100 वॉटमध्ये काम होतं.

पण पाचही मधोमध लावल्या तर आज आहे तेच दुखणं राहणार. मधल्या ट्यूबला पाठ करून तुम्ही उभे राहता म्हणून सावली पुढे पडते. उजेड तुमच्या आणि भिंतीच्या मधून यायला पाहिजे. म्हणून तीन बॅटन एका ओळीत, बेंचच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर किंवा तिथून वीतभर भिंतीकडे. तीन चोक बारा, दोन्ही टोकांना फूट-फूट सुटेल. उरलेल्या दोन समोरच्या भिंतीपासून 3 फुटांवर, त्यातली एक लेथच्या लांबीला समांतर येईल असं बघा. पत्रा उतरता आहे म्हणून पत्र्याला ठोकू नका, साखळीने खाली सोडा, सगळ्या 8 फुटांवर एका पातळीत.

आणि सगळ्यात स्वस्त काम आधी करा, पत्र्याला आतून आणि भिंतींना पांढरा रंग. तेवढ्यानेच एखादी बॅटन जास्त लावल्यासारखा फरक पडतो. आणि उजेडाचा रंग 6500 के (केल्विन), म्हणजे कडक पांढरा घ्या, सगळीकडे मिळतो.

पॉलिशवाली_रामबाग
काकांचं बाकी सगळं मान्य पण 6500 ला माझा साफ नकार. मी देव्हारे आणि चौरंग रंगवते, पॉलिशही करते. 6500 निळसर मारतो, त्याखाली सागवान मेल्यासारखं दिसतं. 4000 के मागा, नॅचरल व्हाइट म्हणतात दुकानात, ना निळा ना पिवळा. त्याहून महत्त्वाचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा. साध्या बॅटनचा 80 असतो, आणि गंमत अशी की तो आकडा काढताना गडद लाल रंग धरतच नाहीत, त्याचा वेगळा आकडा असतो आर9 म्हणून, तो खोक्यावर सहसा छापत नाहीत. त्यामुळे 80 वाल्या स्वस्त पट्टीखाली मेहरून आणि गडद तपकिरी जवळजवळ सारखे दिसतात, शिसवीची लाली तर गायबच. सगळ्या पाच महागड्या घ्यायची गरज नाही भाऊ, बेंचवरच्या तीन 90 सीआरआयच्या घ्या, बाकी दोन साध्या चालतील, फक्त पाचही 4000 च्याच. एकीकडे निळा एकीकडे पिवळा झाला तर एकाच फळीची दोन टोकं दोन झाडांची वाटतात.

सांवेररोड_खराद
लेथ आहे म्हणालात आणि त्यावर कोणीच बोललं नाही?? आपली लाइन 50 हर्ट्झची, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा (एलईडीला करंट देणारं सर्किट) दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही. पण 1500 आरपीएम म्हणजे सेकंदाला 25 फेरे, दिव्याच्या दर झपकीला चक (लेथचा लाकूड पकडणारा फिरता भाग) बरोबर पाव फेरा फिरतो, आणि चकला जॉ, म्हणजे पकडायचे जबडे, चार. म्हणजे दर वेळी एका जॉच्या जागी दुसरा येऊन उभा, आणि चक थांबलेला दिसतो!! 1440 असेल तर हळूच उलटा फिरताना दिसेल. आवाजावरून कळतं असं म्हणतात पण शेजारी व्हॅक्यूम चालू असला तर काय कळणार. जुन्या चोकच्या ट्यूबला पण हाच रोग होता, म्हणून कारखान्यात शेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर टाकायचे, म्हणजे सगळ्यांची झपकी एकाच वेळी येत नाही. घरी सिंगल फेज, ते जमणार नाही, मग बॅटनच नीट घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच मालात वेगळा ड्रायव्हर नसतोच, पट्टीवरच दोन-चार पार्ट चिकटवलेले असतात, तो माल लेथवर अजिबात नको. फ्लिकर फ्री लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका, दुकानात लावायला सांगा आणि मोबाइलचा स्लो मोशन काढा, उजेड धडधडताना दिसला की ठेवा परत. मोबाइल नसेल तर पेन्सिल दिव्याखाली जोरात हलवा, सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, तुटक तुटक दहा पेन्सिली दिसल्या तर नाही.

जुना_रंधा
पाच बॅटन, सीआरआय, आर9, अरे सुतारकाम करायचंय का ऑपरेशन थिएटर काढायचंय. आमच्या वडिलांनी खिडकीच्या उजेडात आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या. तरी एक सांगतो ते कामाचं आहे. वरून सगळीकडून सारखा उजेड आला की रंध्याच्या खुणा दिसतच नाहीत, लाकूड गुळगुळीत वाटतं आणि पॉलिश चढलं की सगळ्या लाटा वर येतात. म्हणून वाकवता येणारा एक टेबललॅम्प बेंचला अडकवून ठेवा, रंधा मारून झाला की वरचे दिवे बंद, लॅम्प फळीच्या पातळीला आणून आडवा उजेड टाका. रंध्याच्या रेघा, सुकलेल्या फेविकॉलचे डाग, सगळं उघडं पडतं. लेथवर भांडं आतून कोरताना पण तोच लॅम्प लागेल, वरचा उजेड आत शिरत नाही.

पत्राशेडवाला
बापरे, मी वॉट विचारायला आलो होतो. जुना_रंधा काका, लॅम्प आहे घरी, पोरीच्या अभ्यासाचा, मागून बघतो 😄 आता दोन प्रश्न उरले. शेडमध्ये घरातून एकच लाइन आलीये, लेथच्या सॉकेटवरूनच बॅटनना वायर ओढली तर चालेल ना? आणि मे महिन्यात पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, त्यात एलईडी टिकतील का?

निवृत्त_फोरमन_बडोदा
नाही चालणार. मशीन सुरू होताना करंट खेचते, दिवे डुचमळतात, ते एक वेळ सोडा. पण लाकूड अडकून मोटर जाम झाली आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला तर त्याच क्षणी अंधार होईल, आणि पातं किंवा चक अजून फिरतंय, हे मी कोणालाच करू देणार नाही. दिव्यांना वेगळा 6 अँपिअरचा एमसीबी आणि दीड स्क्वेअर एमएमची वायर, मशीनला वेगळा 16 चा आणि त्याला जाड वायर, दोन्हींच्या वर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला, शॉक बसला की लाइन तोडणारा स्विच. घरातून आलेली वायर हे सगळं झेलेल का ते वायरमनला आधी बघू द्या. बॅटनची बॉडी धातूची असेल तर अर्थिंग सोडू नका. बेंचच्या ओळीला एक स्विच, मागच्या ओळीला दुसरा.

गरमीचं बरोबर विचारलंत. एलईडी सहसा मरत नाही, ड्रायव्हर मरतो, त्यातले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. म्हणून तर साखळी म्हटलं, पत्रा आणि बॅटनमध्ये फूटभर हवा राहू द्या. वर भुश्याची चादर साचली तरी गरमी आतच कोंडते, महिन्यातून एकदा स्विच बंद करून सुक्या फडक्याने पुसायचं. पुढेमागे टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) घेतलात तर भुसा चौपट होईल, तेव्हा बंद बॉडीची आयपी65 (धूळ आत न शिरणारी) बॅटन मिळते तिचा विचार करा. खोक्यावर बीआयएसचा (सरकारी मानक ब्यूरो) आर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, आहे का तेही बघा.

रंगाचं मी ताईंचं ऐकतो, आम्ही लोखंडात आयुष्य काढलं, लोखंड 6500 खाली पण लोखंडच दिसतं.

पॉलिशवाली_रामबाग
😀😀 काका जिंकले. भाऊ, महाराणी रोडला जाल तेव्हा पिशवीत पॉलिश केलेल्या सागाचा आणि शिसवीचा एकेक तुकडा टाका, दुकानात बॅटन लावून त्याखाली धरा, मग तेच तुकडे बाहेर रस्त्यावर उन्हात बघा. दुकानदार हसतील, हसू देत. आणि भोकं पाडायच्या आधी एक संध्याकाळ सुतळीने टांगून बघा, बेंचवर एक पेन्सिल उभी धरायची आणि तुम्ही जसे वाकता तसे वाकायचं, सावली रेघेवर आली तर ओळ अजून थोडी भिंतीकडे सरकवा.