‘ब्राझील’ जुना झाला म्हणे!

वाशीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं की टेरी गिलियमचा ‘ब्राझील’ हा सिनेमा आता जुनाट वाटतो. फॉर्म, पाइप, टाइपरायटर. आपलं तर सगळं मोबाइलवर आलं, म्हणजे त्याचं भविष्य चुकलं. डोकंच फिरलं. अहो, १९८५ चा तो सिनेमा कागदांबद्दल आहे असं वाटतंच कसं? यंत्रात माशी पडते, टटल या नावाचं बटल छापलं जातं आणि भलत्याच माणसाला घरातून उचलतात. बायकोकडून पावतीवर सही घेतात. तो चौकशीत मरतो. मग प्रत्येक खात्याची धडपड एकच, चूक आमची नव्हे. बायकोच्या हाती परताव्याचा चेक. यातलं जुनं काय झालं, सांगा.

घोडबंदर रोड: पोस्ट माझीच. चूक पकडायची साधनं आता आहेत, एवढंच म्हणणं. आणि नायक सॅमची ती पंख लावून उडण्याची स्वप्नं फार ताणलीत. अर्धा तास कापायला हवा होता.

नौपाडा: कापला होता की! युनिव्हर्सल स्टुडिओने १४२ मिनिटांची ९४ केली, शेवट गोड केला. सॅमची सुटका फक्त त्याच्या डोक्यात होते, तो छळाच्या खुर्चीतच असतो. तेच काढलं तर उरलं काय? लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी अमेरिकेत प्रदर्शित होण्याआधीच त्याला वर्षाचा सर्वोत्तम चित्रपट ठरवलं, तेव्हा कुठे स्टुडिओ हलला.

ऐरोलीकर: साधनं? माझ्या आईचा हयातीचा दाखला घ्या. दर नोव्हेंबरला तेच. बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन अंगठा घेत नाही. बाई समोर बसलीय, बोलतेय, आणि काउंटरवरचा म्हणतो, ‘सिस्टीम घेत नाही.’ पेन्शन बंद.

घोडबंदर रोड: २०२१ पासून चेहरा दाखवून होतो, मोबाइलवर. सासऱ्यांचा घरबसल्या झाला. माहिती करून घ्यायची नाही आणि गळे काढायचे.

ऐरोलीकर: गळे? औषधं उधारीवर आणली आम्ही! त्या काउंटरवर एकाने तरी चेहऱ्याचं सांगितलं का? तोंड सांभाळून लिहा.

कोपरखैरणे: मी बँकेत काउंटरलाच बसते. समोर रांग, मागे साहेब, मशीन बंद, आणि शिव्या आम्हाला. पण खरं ते सांगते. कागदी दाखला अजून चालतो. त्या माणसाने तो फॉर्म पुढे करायला हवा होता.

घोडबंदर रोड: म्हणजे कागदानेच काम झालं असतं!

वाशीकर: मग मी दुसरं काय सांगतोय? रॉबर्ट डी नीरोचा टटल फॉर्मांना वैतागून नोकरी सोडतो आणि रात्री चोरून लोकांची दुरुस्ती करतो. काम करणारा माणूस तिथे गुन्हेगार ठरतो. मोबाइल आल्याने हे कसं बदललं?

घोडबंदर रोड: बरं, बटलच्या बायकोचा प्रसंग आजही लागतो, मान्य. स्वप्नं मात्र लांबलीच आहेत.

नौपाडा: त्या स्वप्नांशिवाय शेवट कळणारच नाही!

ऐरोलीकर: तुमचं चालू द्या. ताई, तो फॉर्म आमच्याच शाखेत द्यावा लागेल का?

कोपरखैरणे: नाही. पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कुठल्याही शाखेत चालतो. पोच मागून घ्या, ती द्यावीच लागते.