न्यूलँडचा कोनेदारपणा छिन्नीचा नव्हे, कानशीचा

न्यूलँड या टाइपची (छपाईच्या अक्षरशैलीची) जाड, कोनेदार अक्षरं आफ्रिकी लाकूडकामावरून घेतली आहेत, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. आफ्रिका, जंगल, साहस हा संबंध नंतरच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांनी आणि जाहिरातींनी जोडला. अक्षररचनाकार रुडॉल्फ कोखनं हा टाइप १९२३ मध्ये जर्मनीत, ऑफनबाखच्या क्लिंगस्पोर फाउंड्रीसाठी (टाइप ओतणाऱ्या कारखान्यासाठी) केला. तो श्रद्धाळू ल्युथरन होता, आणि धार्मिक मजकुराच्या छपाईतही हा टाइप वापरला गेला.

कोनेदारपणाचं खरं कारण कामाच्या पद्धतीत आहे. कोखनं आधी कागदावर चित्रं काढलीच नाहीत. पोलादी पंचावर, म्हणजे टोकाला अक्षर कोरलेल्या ठशावर, थेट कानस चालवून अक्षरं घडवली. पंच तांब्यात ठोकून साचा होतो आणि साच्यातून खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओततात. प्रत्येक आकारासाठी वेगळे पंच, म्हणून एका आकारातलं अक्षर दुसऱ्या आकारातल्याची हुबेहूब नक्कल नसतं. एकच रेखाटन लहानमोठं करणाऱ्या डिजिटल फाँटमध्ये नेमकं हेच हरवतं, आणि मला ते फार मोठं नुकसान वाटतं.

वापराबद्दल एक सांगतो. यात फक्त कॅपिटल अक्षरं आहेत, आणि त्यांच्या पोटातली पांढरी जागा अगदी कमी. पोस्टरवर मी आधी ओळी ऐसपैस सोडायचो, तेव्हा मजकूर विस्कटलेला दिसायचा. ओळींमधलं अंतर जवळजवळ काढून टाकलं की सगळा मजकूर दगडी भिंतीसारखा एकसंध उभा राहतो. लांब परिच्छेद मात्र यात लावू नका, डोळे थकतात.